अश्मयुगीन हत्यार : अस्सल कोणते, नक्कल कोणती?

दगडावर आघात करून, त्याचे छिलके काढून आदिमानवाने जी साधने घडविली, त्यांना दगडी हत्यारे किंवा अश्मास्त्रे म्हणतात. भारतात त्यांच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ ३० मे १८६३ रोजी झाला, असे मानले जाते. त्या दिवशी रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळील पल्लावरम येथे असे हत्यार आढळले. योगायोग असा, की त्याच वर्षी फ्रान्समध्ये अ‍ॅबेव्हिलजवळच्या एका खाणीतून निघालेल्या हातकुऱ्हाडी बनावट असल्याचा निर्वाळा ब्रिटिश अभ्यासक जॉन इव्हान्स यांनी दिला. थोडक्यात, शोध आणि नक्कल यांचा इतिहास समांतर चालत आला आहे.

प्रत्येक प्रतिकृती हा फसवणुकीचा प्रकार नव्हे. फ्रान्समधील फ्रान्स्वा बोर्द यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी प्राचीन तंत्र समजून घेण्यासाठी स्वतःच्या हातांनी हत्यारे घडविली. प्रतिकृती प्राचीन म्हणून विकली किंवा मिरविली जाते, तेव्हा प्रश्न निर्माण होतो.

पृष्ठभाग : दीर्घकाळ उन्हापावसात अथवा मातीत राहिलेल्या दगडाच्या पृष्ठभागाचा रंग आणि पोत बदलतो. बेसाल्टमध्ये हा फरक ठळक दिसतो. आतला दगड गडद, तर बाहेरचा थर फिकट वा तपकिरी असतो. छिलके काढल्याच्या जुन्या खुणांवरही तो थर असावा लागतो. नांगराच्या फाळाने कड तुटली असेल, तर तेवढाच भाग ताजा दिसतो. रंग किंवा आम्ल वापरून आणलेले जुनेपण पुष्कळदा खोलगट भागांत साचते आणि उंचवट्यांवर विरळ असते. मात्र कॅल्सेडनीसारख्या घट्ट दगडाची सूक्ष्मास्त्रे हजारो वर्षांनंतरही नवी भासू शकतात; म्हणून केवळ ताजेपणा हा नकलीचा पुरावा ठरत नाही.

घडण : प्राचीन कारागीर दगड, लाकूड, हाड किंवा शिंग यांनी आघात करीत. लोखंडी हातोडीच्या आघाताने धातूचे कण दगडाला चिकटतात आणि पुढे गंजाचे ठिपके उमटतात. यंत्राने कापलेल्या चकतीपासून हत्यार घडविले असल्यास करवतीच्या समांतर रेषा कुठेतरी शिल्लक राहतात. आघातबिंदूखालचा फुगवटा मानवी घडणीकडे निर्देश करतो खरा; पण तो नकलीतही असतो. नदीत आपटून फुटलेला दगड वेगळा काढण्यास त्याचा उपयोग होतो, वय ठरविण्यास नाही.

दगडाची जात : दख्खनमध्ये हातकुऱ्हाडींसाठी बेसाल्ट व डोलेराइट, तर सूक्ष्मास्त्रांसाठी कॅल्सेडनी, अकीक, जॅस्पर असे दगड वापरलेले आढळतात. दख्खनच्या नदीकाठी सापडल्याचे सांगून कोणी काचेसारखे काळे ऑब्सिडियनचे पाते दाखवीत असेल, तर संशय घ्यावा.

या साऱ्या खुणांपेक्षा निर्णायक ठरते ते प्राप्तिस्थान. जपानमध्ये शिनिची फुजिमुरा हे अतिप्राचीन हत्यारांच्या शोधांसाठी विख्यात होते. नोव्हेंबर २००० मध्ये ‘माइनिची’ या वृत्तपत्राने, ते उत्खननस्थळी स्वतःच हत्यारे पुरत असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध केली. दगड मानवनिर्मितच होते. खोटा होता तो थर. परिणामी जपानच्या पुराणाश्मयुगाविषयीची पाठ्यपुस्तकांतील विधाने मागे घ्यावी लागली. प्रवरेकाठी नेवासे येथे १९५४ पासून ह. धी. सांकलिया यांनी केलेल्या संशोधनाचे मोल कळते ते इथेच; कोणती वस्तू कोणत्या थरात होती, याची नोंद हाच त्याचा आधार आहे.

गोव्यात कुशावतीकाठच्या उसगाळीमळ येथील जांभ्यावरील कोरीव चित्रे कोणी खिशात घालून नेऊ शकत नाही; सुटे हत्यार मात्र सहज उचलले जाते. उचलताक्षणी ते आपली साक्ष गमावते, आणि मग तज्ज्ञालाही अस्सल आणि नक्कल यांतील भेद सांगणे कठीण होते. शिवाय पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये पुरावस्तूंचा व्यापार परवान्याविना करता येत नाही आणि खासगी व्यक्तीस त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत.

म्हणून असा दगड दिसल्यास तो हलवू नये, धुऊ नये. शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागेची नोंद करावी आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्यास कळवावे. अस्सल हत्याराचे पहिले प्रमाणपत्र त्याच्याखालची माती देते.