अंधाऱ्या खोलीतील रेखीवपणा

कारेलीबागेतील आमच्या घराच्या भिंतीवर माझ्या वडिलांचे अखेरचे छायाचित्र आहे. ते मीच काढले आणि मीच बिघडविले. मे महिन्याची दुपार होती आणि नळाचे पाणी चांगलेच कोमट होते. उष्णतामापक न पाहताच मी त्या पाण्यात विकसक कालविला व घाईने फिल्म धुतली. चित्र उमटले, परंतु वडिलांच्या कपाळावरील सुरकुत्या भरड दाण्यांत विरून गेल्या. भिंग निर्दोष होते, नेमही अचूक होता. दोष होता तो अंधाऱ्या खोलीतील माझ्या हातांचा.

हा हातांचा धडा बडोद्यास नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० साली कलाभवन स्थापन झाले. त्र्यंबकेश्वरचा एक तरुण, धुंडिराज गोविंद फाळके, तेथे शिकावयास आला. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवनाची छायाचित्रशाळा त्याच्या हाती सोपविली. त्याच सुमारास, १८९१ साली, जर्मनीत मोम्मे आन्द्रेसेन यांच्या ‘रॉडिनाल’ या विकसकास पेटंट मिळाले. त्याच्या एका भागात पाण्याचे पन्नास, प्रसंगी शंभर भाग मिसळावयाचे. तो चांदीच्या कणांच्या कडा विरघळवीत नाही. म्हणून दाणा दिसतो, पण रेघ स्वच्छ राहते.

पुढे १९१२ साली फाळके चित्रपटविद्या शिकण्यासाठी लंडनला गेले. त्याच वर्षी गुस्टाफ एबरहार्ड यांनी दाखविले की, विकसन होत असता शेजारशेजारचे भाग एकमेकांवर परिणाम करतात. जेथे प्रकाश पुष्कळ पडलेला असतो, तेथे विकसक लवकर थकतो. जेथे थोडा पडलेला असतो, तेथे तो ताजा राहतो. सीमेवर ताजा विकसक गडद भागात शिरून त्याची कड अधिक गडद करतो. थकलेला उलट दिशेने सरकून फिकी कड अधिक फिकी ठेवतो. त्यामुळे डोळ्यास रेघ ठसठशीत वाटते. मात्र द्रावण पातळ हवे आणि ते हलवावयाचे बेतानेच. सतत ढवळत राहिल्यास ही देवघेव पुसली जाते.

१९२७ साली कोडॅकचा ‘डी-७६’ आला. त्यात लिटरमागे १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असते. ते दाणा मऊ करते, परंतु कडाही मऊ करते. या विकसकात तितकेच पाणी मिसळले, की सल्फाइट निम्म्यावर येते व रेखीवपणा वाढतो. किंमत एवढीच की, वेळ अधिक द्यावा लागतो.

वेळ देणाऱ्यांची नावे मात्र क्वचितच आठवली जातात. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झळकला. त्याच्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे, रसायने कालविण्याचे आणि फिल्म धुण्याचे काम घरसंसार सांभाळून सरस्वतीबाई फाळके यांनी केले. पडद्यावर जे उजेडात दिसले, त्यामागे काळोखात जागलेले त्यांचे हात होते.

अलीकडे काही विद्यार्थी जुना कॅमेरा घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना प्रथम बर्फाच्या परातीत विकसकाची बाटली ठेवावयास लावतो. पारा २० अंशांवर येईपर्यंत मुले चुळबुळ करतात, घड्याळाकडे पाहतात. मी काही बोलत नाही. भिंतीवरील त्या छायाचित्राकडे बोट दाखवितो. मग तीही थांबतात.