कर्णा आणि व्हॉल्व्ह

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूर तालुक्यातील एका गावी, आमची कामगारसभा एकदा मुकी झाली. व्हॉल्व्हच्या जुन्या ॲम्प्लिफायरला हाती लागला तो कर्णा आम्ही आकडे न पाहता जोडला होता. मजुरीची मागणी मांडतानाच आवाज गेला आणि मागची माणसे उठून गेली. चूक आमचीच होती. म्हणून मी या यंत्राचा इतिहास धुंडाळला.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत जेन्सन व प्रिडम यांनी कर्ण्यातून प्रचंड जमावाला आवाज ऐकविला. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलमआरा’ बोलला. त्या काळचे व्हॉल्व्ह मोजकेच वॅट देत. कागदी पडद्याच्या स्पीकरमध्ये विजेच्या शंभर भागांपैकी एखाददुसऱ्याचाच आवाज होतो. चांगल्या कर्ण्यात वीस-तीस भागांचा होतो. म्हणूनच थोड्या विजेत आवाज दूर जाई.

जुना कर्णा घेताना त्यावरील ओहमचा आकडा ॲम्प्लिफायरच्या जोडणीशी जुळवावा. मीटरवर रोध त्याहून थोडा कमी दिसतो. काहीच दिसला नाही, तर आतील तार तुटलेली समजावी. हलक्या आवाजातही खरखर आली, तर तो घेऊ नये. आणि कर्णा न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधीही वाजवू नये. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

एवढी खटपट कशासाठी? शेवटच्या रांगेला जो ठराव ऐकूच गेला नाही, तो सभेचा नव्हे, व्यासपीठावरच्या चौघांचा ठरतो.