उच्च आघातकोनातील उड्डाणचाचणी

पंखाच्या छेदाची जीवा आणि समोरून येणारा हवेचा प्रवाह यांमधील कोन म्हणजे आघातकोन. वैमानिक आणि अभियंते त्याला ‘अल्फा’ म्हणतात. हा कोन वाढत जाऊन पंखाची उचल ढासळण्याच्या सीमेपाशी किंवा तिच्यापलीकडे गेला, तर विमान किती स्थिर राहते, वैमानिकाच्या ताब्यात किती राहते आणि ताबा सुटल्यास ते परत आणता येते का, हे प्रत्यक्ष उड्डाणात टप्प्याटप्प्याने तपासण्याच्या प्रक्रियेस उच्च आघातकोनातील उड्डाणचाचणी म्हणतात. लढाऊ व प्रशिक्षण विमानांच्या विकासातील हा अतिशय जोखमीचा टप्पा असतो. महाराष्ट्रात या विषयाचा संबंध मुख्यतः नाशिक जिल्ह्यातील ओझर (ता. निफाड) येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या (एचएएल) कारखान्याशी येतो. या कारखान्यात मिग-21 पासून तेजसपर्यंतची लढाऊ विमाने तयार झाली आहेत.

शास्त्रीय पार्श्वभूमी : लहान आघातकोनात कोन वाढेल तशी उचल वाढते. सरळ पंखाच्या विमानात साधारणपणे 15 अंशांच्या आसपास हवेचा प्रवाह पंखाच्या वरच्या पृष्ठापासून सुटतो, उचल घटते आणि रोध वाढतो. या अवस्थेला स्टॉल म्हणतात. स्टॉल फक्त कमी वेगात होतो हा समज चुकीचा आहे. वेगात असलेल्या विमानाला तीव्र वळणात ओढले, तरी कोनाची मर्यादा ओलांडली जाते आणि स्टॉल होतो.

मिग-21 सारख्या त्रिकोणी पंखाच्या विमानात चित्र वेगळे असते. पंखाच्या अग्रधारेवरून सुटणारी हवा भोवऱ्यांच्या रूपाने पंखावर टिकते, त्यामुळे मोठ्या कोनातही उचल एकदम ढासळत नाही. मात्र रोध झपाट्याने वाढतो, वेग घटतो आणि नाक वर असतानाच विमान खाली बसू लागते. कोन आणखी वाढल्यावर दोन्ही बाजूंचे भोवरे एकाच वेळी फुटत नाहीत आणि विमान एका अंगाला कलंडते.

उच्च आघातकोनात नियंत्रणाची साधनेही दुबळी होतात. एलेरॉनभोवतीचा (पंखांच्या मागील कडेच्या हलत्या पट्ट्यांभोवतीचा) प्रवाह विस्कळीत झाल्याने ते विमान कलवण्याऐवजी नाक उलट दिशेला वळवू शकतात. उभे शेपूट धडाच्या आणि पंखांच्या विस्कटलेल्या प्रवाहात सापडते, त्यामुळे दिशास्थैर्य आणि रडरची (उभ्या शेपटावरील हलत्या पट्टीची) ताकद दोन्ही कमी होतात. लांब नाकाच्या विमानात नाकावरून सुटणारे भोवरे असमान असतील, तर वैमानिकाने काहीही न करता विमान एका बाजूला ओढले जाते. याचे परिणाम चार प्रकारांनी दिसतात. पंख आलटून पालटून वरखाली होणे म्हणजे विंग रॉक. विमान अचानक ताब्याबाहेर जाणे म्हणजे डिपार्चर. दोन्ही पंख स्टॉल झालेले, पण एक दुसऱ्यापेक्षा अधिक, अशा अवस्थेत विमान गिरक्या घेत मळसूत्री मार्गाने खाली येणे म्हणजे स्पिन. पंखांच्या मागील संथ प्रवाहात आडवे शेपूट बुडून नाक खाली आणताच न येणे म्हणजे डीप स्टॉल. 22 ऑक्टोबर 1963 रोजी ब्रिटनमध्ये बीएसी वन-इलेव्हन या प्रवासी विमानाचा नमुना डीप स्टॉलमुळेच कोसळला. चाचणी वैमानिक माइक लिथगो यांच्यासह विमानातील सातही जण मरण पावले. या अपघातानंतर शेपटाच्या माथ्यावर आडवा पंख असलेल्या विमानांच्या स्टॉल-चाचणीत शेपटाला पॅराशूट बसवण्याकडे आणि नियंत्रण-दांडी (स्टिक) आपोआप पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

पूर्वतयारी : वैमानिक विमानात बसण्यापूर्वी बराचसा अभ्यास जमिनीवर उरकलेला असतो. वातबोगद्यात प्रतिकृती वेगवेगळ्या कोनांत धरून तिच्यावरील बले व परिबले मोजतात. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतील (एनएएल) 1.2 मी. छेदाचा वातबोगदा 1967 पासून अशा मापनांसाठी वापरात आहे. स्पिनसाठी उभा वातबोगदा लागतो. त्यात खालून वर येणाऱ्या हवेत मोकळी प्रतिकृती फिरत ठेवून स्पिनचे स्वरूप आणि सुटकेसाठी लागणाऱ्या पॅराशूटचा आकार ठरवतात. या कोनांत बलांचे नाते सरळ रेषेत राहत नसल्याने गणितही वेगळे लागते. किंचित बदलाने विमान एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत उडी कशी घेते, हे शोधणाऱ्या बायफर्केशन पद्धतीवर मुंबईच्या आयआयटीत एन. अनंतकृष्णन यांनी महत्त्वाचे काम केले आहे.

उपकरणे : विमानाच्या नाकापुढे लांब दांडी बसवतात. तिच्यावर दोन छोटी पाती असतात. एक आघातकोन दाखवते, तर दुसरे प्रवाह बाजूने किती येतो ते दाखवते. दांडीमुळे पाती धडाने विस्कळीत केलेल्या हवेपासून दूर राहतात, तरीही त्यांच्या वाचनात दुरुस्ती करावी लागते. तिन्ही अक्षांभोवतीचे परिभ्रमण, त्वरण, स्टिक व पेडलची स्थिती, नियंत्रण-पृष्ठांचे कोन आणि इंजिनाचे फेरे यांची नोंद होते व ती दूरमापनाने जमिनीवरील कक्षात तत्क्षणी पोचते. पंखावर लोकरीच्या धाग्यांचे तुकडे ओळीने चिकटवून त्यांचे चित्रण करण्याची जुनी पद्धतही उपयोगी पडते. प्रवाह चिकटलेला असेल तेथे धागे मागे सरळ पडलेले दिसतात, सुटला असेल तेथे ते फडफडतात आणि पुढेही वळतात. स्टॉल पंखाच्या मुळाशी सुरू झाला की टोकाशी, हे त्यावरून डोळ्यांना दिसते.

स्पिन-पॅराशूट हा सुरक्षिततेचा मुख्य आधार असतो. ते शेपटात बसवलेले असून छोट्या स्फोटक भाराने मागे फेकले जाते. ते उघडले की शेपूट मागे खेचले जाते, गिरकी थांबते, नाक खाली येते आणि मग वैमानिक त्याला तोडून टाकतो. उलट्यासुलट्या प्रवाहामुळे इंजिन बंद पडण्याची शक्यता असते, म्हणून हायड्रॉलिक व विद्युत यंत्रणांसाठी पर्यायी स्रोत तयार ठेवतात.

चाचणीचा क्रम : पहिले तत्त्व म्हणजे सोप्याकडून अवघडाकडे. पुरेशी उंची गाठूनच सुरुवात करतात. कोणत्या उंचीवर पॅराशूट उघडायचे आणि कोणत्या उंचीला विमान सोडायचे, हे आधीच ठरलेले असते. गुरुत्वमध्य प्रथम पुढे ठेवतात, कारण तेव्हा विमान अधिक स्थिर असते. मग तो मागे सरकवतात. आधी स्वच्छ (चाके व फ्लॅप आत घेतलेले, बाह्य भार नसलेले) विमान, नंतर चाके व फ्लॅप बाहेर काढलेले, शेवटी पंखाखाली भार लावलेले, असा क्रम असतो.

सुरुवातीला सरळ उड्डाणात वेग सेकंदाला सुमारे एक नॉट या दराने कमी करत स्टॉल गाठतात. कंप कधी सुरू होतो, नाक पडते की पंख पडतो, हे पाहतात आणि पहिल्या लक्षणाबरोबर विमान सावरतात. त्यानंतर वळणातील स्टॉल घेतात, मग स्टॉलमध्ये रडर व एलेरॉन मुद्दाम चुकीचे वापरतात आणि ती चूक अधिकाधिक काळ तशीच धरून ठेवतात. अखेरीस स्पिन घेतात : आधी एक फेरी, मग तीन, मग सहा, डावीकडे आणि उजवीकडे. सुटकेची सर्वसाधारण कृती म्हणजे थ्रॉटल मागे, एलेरॉन मध्यावर, फिरण्याच्या उलट दिशेला पूर्ण रडर आणि त्यानंतर स्टिक पुढे. अमेरिकेच्या जुन्या नागरी नियमानुसार हवाई कसरतींच्या विमानाने सहा फेऱ्यांनंतर पुढच्या दीड फेरीत सावरणे आवश्यक होते. प्रत्येक उड्डाणानंतर नोंदी संगणकीय प्रतिमानाशी ताडून पाहतात. मेळ बसला नाही, तर पुढचा टप्पा थांबतो.

भारतातील चाचण्या : अशा विकासचाचण्यांचे केंद्र बंगळूर आहे. हवाई दलाच्या तेथील एएसटीई या संस्थेत चाचणी वैमानिक व चाचणी अभियंते घडवले जातात. या टप्प्याचे मोल एचएएलच्या एचजेटी-36 या प्रशिक्षण विमानाने ठळकपणे दाखवले. त्याचे पहिले उड्डाण 7 मार्च 2003 रोजी झाले, पण स्टॉल व स्पिनमधील वर्तन समाधानकारक नसल्याने काम वर्षानुवर्षे अडले. उभे शेपूट मागे सरकवून आणि रडरचे क्षेत्र वाढवून बदललेले विमान एप्रिल 2019 मध्ये उडाले. दोन्ही दिशांना सहा फेऱ्यांच्या स्पिनमधून ते सावरत असल्याचे एचएएलने जानेवारी 2022 मध्ये जाहीर केले. तेजस हे मुळातच स्थैर्य कमी ठेवलेले विमान आहे. त्याचा संगणक वैमानिकाला ठरावीक आघातकोनापलीकडे जाऊ देत नाही. ही मर्यादा चाचण्यांबरोबर वाढवत अखेर 24 अंशांपर्यंत नेण्यात आली.

ओझरचा कारखाना 1964 मध्ये मिग-21 च्या निर्मितीसाठी उभा राहिला. तेव्हा यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि लोकसभेत नाशिकचे प्रतिनिधित्व करत होते. पुढे येथे सुखोई-30 एमकेआय तयार होऊ लागले. त्याच्या इंजिनांची नळकांडी 15 अंशांपर्यंत वळतात आणि त्यांच्या वळण्याची प्रतले तिरकी असल्याने नाक वरखाली करण्याबरोबर बाजूलाही वळवता येते. पंख पूर्ण स्टॉल झाला तरी इंजिनाचा झोत नियंत्रण देत राहतो. अमेरिकन-जर्मन एक्स-31 या प्रायोगिक विमानाने याच तत्त्वावर 1990 च्या दशकात 70 अंशांपर्यंत नियंत्रित उड्डाण केले होते. 17 ऑक्टोबर 2025 रोजी ओझर येथे तेजस मार्क-1ए च्या तिसऱ्या आणि एचटीटी-40 या प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या उत्पादन-साखळीचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी नाशिकमध्ये बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए ने उड्डाण केले.

निष्कर्षांचा उपयोग : ओझरसारख्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या विमानांच्या उत्पादनचाचणीत प्रत्येक विमानाची मर्यादा नव्याने शोधत नाहीत. विकासचाचण्यांत ठरलेल्या मर्यादेत ते नमुन्याप्रमाणेच वागते का, एवढेच पडताळतात. विकासचाचण्यांचे निष्कर्ष चार ठिकाणी उतरतात : वैमानिकाच्या पुस्तिकेतील कोन व वेगांच्या मर्यादा, स्टॉलची पूर्वसूचना देणारी यंत्रणा, उड्डाण-संगणकातील नियंत्रण-नियम आणि प्रशिक्षणातील सुटकेची कृती. शिकाऊ वैमानिक पहिल्यांदा स्पिन घेतो, तेव्हा त्याला शिकवलेली प्रत्येक हालचाल चाचणी वैमानिकांनी त्याच प्रकारच्या विमानात आधी करून तपासलेली असते.