होरा, अवर आणि तास

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी मी कुडपणला मामांच्या पडवीत बसलो होतो. पोलादपूर तालुक्यातले हे आमचे आजोळ सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वसलेले. मामा चष्मा सरसावून पंचांगात शुक्राची होरा शोधत होते आणि त्यांचा नातू शाळेत करायच्या भाषणाची उजळणी करीत होता. त्यातले एक वाक्य कानी पडले आणि माझ्या हातातली चकली हातातच राहिली : ‘इंग्रजांनी आपली होरा पळवली आणि तिचा अवर केला!’

“वाक्य माझं हाय,” मामा अभिमानाने म्हणाले. “बरोबर हाय ना रं?”

आता आली का पंचाईत! मी जन्मभर भाषा शिकवलेली. पोराला खोटे शिकवायचे कसे, आणि सणाच्या दिवशी मामांचे मन तरी मोडायचे कसे? शेवटी चकली खाली ठेवली आणि बोललो.

होरा आणि अवर ही भावंडे आहेत, हे मामांचे खरे. पण त्यांची आई ग्रीक. ग्रीक भाषेत ‘होरा’ म्हणजे आधी ऋतू, मग दिवसाचा एक भाग. हा शब्द लॅटिनमध्ये गेला, तिथून फ्रेंचमध्ये आणि तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत पोचला. वाटेत त्यातल्या ‘ह’चा उच्चार गळाला, लिहिण्यात मात्र तो अजून राहिला आहे. तोच शब्द त्याच्या कितीतरी आधी यवन ज्योतिष्यांबरोबर आपल्याकडे आला. सहाव्या शतकातला वराहमिहिर सांगतो की, ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले व शेवटचे अक्षर गाळून ‘होरा’ झाला, असे काहीजण मानतात. पाहुण्याला घरचे नाव देण्याचाच हा प्रकार! पण त्याच्याच बृहत्संहितेत असेही म्हटले आहे की, यवन म्लेच्छ खरे, तरी हे शास्त्र त्यांना चांगले अवगत असल्याने ते ऋषींप्रमाणे पूज्य होत.

आपल्या वारांचा क्रमही या होरांवरच बसलेला आहे. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असे ग्रह ओळीने एकेका होरेचे स्वामी. शनिवारी पहिली होरा शनीची. सातांची तीन आवर्तने होऊन 24 मधून तीन उरतात. म्हणून 25वी होरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली, रवीची येते. म्हणून शनिवारनंतर रविवार!

“आणि आपला तास?” नातवाने विचारले.

तास फारसीतून आला. मूळ अर्थ धातूचे भांडे. आपल्याकडे वेळ कळवण्यासाठी जी थाळी बडवीत, तिलाही तास म्हणत. आपली जुनी घटका 24 मिनिटांची. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की घटका भरली. थाळीवर टोला पडे तो ऐकून लोक वेळ ओळखत. म्हणून तर आपले तीन ‘वाजतात’.

मामा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “म्हंजे सगळं उसनंच का रं आपलं?”

इतक्यात मामी शेजारच्या घरचे ताट घेऊन आल्या. त्यांनी त्यातले अनारसे काढून घेतले आणि आपल्या करंज्या भरून ताट परत धाडले. मी म्हटले, “मामा, हे बघा! आलेले ताट आपण रिकामे परत करतो का?”

होरा आपण घेतली. पण शून्यासह दहा अंक आपल्याकडून अरबांकडे गेले, आणि 1202 साली पिसाच्या लिओनार्दोने आपल्या ग्रंथातून ते युरोपला शिकवले. इंग्रज आज रेल्वेचे वेळापत्रक लिहितो ते त्याच अंकांत. त्याने अवर पळवला नाही, आपण अंक गमावले नाहीत. शब्दांची चोरी होत नसते. ते दिले तरी घरात शिल्लकच राहतात.

मामांनी क्षणभर विचार केला आणि नातवाला म्हणाले, “खोड ते वाक्य. माझा होरा चुकला.”

अंदाज या अर्थाने मामांनी तो शब्द सहज वापरला होता. दोन हजार कोसांवरून आलेला शब्द कुडपणच्या पडवीत इतका घरचा झालेला पाहून मी पुन्हा चकली उचलली.