चिळकांडीचं झालं ‘झिक्ले’

‘क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश’ या बँडमधले गायक ग्रॅहम नॅश हे छायाचित्रांचेही जाणकार. मॅक होल्बर्ट यांच्या साथीनं त्यांनी १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला ‘नॅश एडिशन्स’ हा मुद्रण स्टुडिओ थाटला. तिथलं मुख्य यंत्र होतं १,२६,००० डॉलरचं ‘आयरिस ३०४७’.

खरं तर ते छापखान्यांसाठी बनवलेलं. रंगीत पानं छपाईला सोडण्याआधी त्यांचं प्रूफ काढायचं, एवढंच त्याचं काम. ढोलावर गुंडाळलेला कागद गरगर फिरतो, चार रंगांच्या शाया केसाहून बारीक तोट्यांतून थेंबाथेंबानं अखंड उडत राहतात आणि नको असलेले थेंब विद्युतभारानं बाजूला वळवले जातात. जलरंगाचा जाड कागद त्यात बसेना, तेव्हा होल्बर्ट यांनी सरळ करवत घेऊन यंत्राचा काही भाग कापला. वॉरंटी गेली, पण कागद बसला!

प्रिंट देखणे निघाले, मात्र त्यांना म्हणायचं काय? ‘कॉम्प्युटर प्रिंट’ म्हटलं की गॅलरीवाले पाठ फिरवणार. स्टुडिओतले मुद्रक जॅक डुगान यांनी फ्रेंच धुंडाळली. तिथे तोटीला ‘झिक्लर’ म्हणतात आणि पिचकारीसारखं उडणं म्हणजे ‘झिक्ले’. त्यावरूनच चिळकांडी या अर्थाचं ‘झिक्ले’ हे नाम त्यांनी उचललं. फ्रेंच बोलीत त्याला एक अश्लील छटाही आहे, पण अमेरिकी ग्राहकाला ऐकू आला तो फक्त फ्रेंच डौल.

व्यापारी तंत्राला कलेसाठी वेगळं नाव देण्याचा हा मार्ग नवा नव्हता. १९३०च्या दशकात अमेरिकी चित्रकारांनी दुकानांच्या पाट्यांसाठी वापरली जाणारी सिल्कस्क्रीन हाती घेतली, तेव्हा आपलं काम वेगळं ओळखू यावं म्हणून त्याला ‘सेरिग्राफ’ हे नाव मिळालं होतं.

झिक्लेची खरी अडचण शाईची होती. आयरिसच्या सुरुवातीच्या रंजक (डाय) शाया काही वर्षांतच फिक्या पडत, आणि पैसे मोजलेल्या ग्राहकाच्या भिंतीवरचं चित्र उडून जाणं ही फसगतच. संशोधक हेन्री विल्हेल्म यांच्या प्रिंटच्या टिकाऊपणाच्या चाचण्यांनी हा दोष उघड्यावर आणला. पुढे रंगद्रव्याच्या (पिग्मेंट) शाया आल्या, २००० सालाच्या सुमारास एप्सननं त्या टेबलावरच्या प्रिंटरमध्येही आणल्या, आणि प्रिंट दीर्घकाळ टिकू लागले.

तोवर कुठल्याही कॅनव्हास प्रिंटवर ‘झिक्ले’चा शिक्का बसू लागला होता. आता अनेक संग्रहालयं ‘पिग्मेंट प्रिंट’ किंवा सरळ ‘इंकजेट प्रिंट’ असंच लिहितात, आणि ते योग्यच आहे. विकत घेणाऱ्यानं कागद सुती आहे का, शाई कोणती आणि आवृत्ती किती प्रतींची, एवढं विचारावं. या प्रश्नांची उत्तरं ‘झिक्ले’ या शब्दात मिळत नाहीत.