सेवा खाते, विशेषाधिकृत

सेवा खाते, विशेषाधिकृत : संगणक जाळ्यात माणसाऐवजी आज्ञावलीच्या नावे चालणारे, वाढीव अधिकारांचे खाते.

उगम : युनिक्स प्रणालीत ‘रूट’ या खात्याकडे सर्वाधिकार एकवटलेले असत. जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या लेखात प्रत्येक आज्ञावलीस कामापुरतेच अधिकार देण्याचे, म्हणजे किमान अधिकाराचे तत्त्व विशद केले (पहा : संगणक सुरक्षा).

वैशिष्ट्ये : बॅकअप, डेटाबेस व रात्री ठरल्या वेळी होणारी कामे अशा खात्यांवर चालतात. पासवर्ड बदलल्यास सेवा बंद पडेल या धास्तीने तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. प्रत्येक सेवेस स्वतंत्र खाते, कर्मचाऱ्यांना त्यावरून लॉगिन करण्यास मज्जाव आणि वापराच्या नोंदींची तपासणी हे गैरवापर टाळण्याचे मुख्य उपाय होत. विंडोज सर्व्हर २०१२ पासून उपलब्ध असलेल्या गट-व्यवस्थापित सेवा खात्याचा पासवर्ड मूळ रचनेनुसार दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो.

महत्त्व : ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व स्विफ्ट यंत्रणांवर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले; यंत्रायंत्रांतील व्यवहारांच्या संरक्षणाची निकड त्यातून स्पष्ट झाली (पहा : सायबर गुन्हे). सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवणे व प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे.