माहेर इटलीचं, सासर कुर्ल्याचं : फियाट गाडीची गोष्ट



काळी-पिवळी म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे जीप येते. मूलच्या नाक्यावर, आलापल्लीच्या चौकात, चामोर्शीच्या बसथांब्याजवळ उभी असलेली, पुरती भरल्याशिवाय जागची न हलणारी, टपावर मोहाची पोती बांधलेली. मुंबईच्या बाईला विचाराल तर तिला याच शब्दाने एक छोटी मोटार आठवते. रंग तोच, नाव तेच, गाडी वेगळी. ती मुंबईची काळी-पिवळी म्हणजे फियाट. आज तिची कूळकथा सांगायची आहे.

आज ही गोष्ट काढायला कारण आहे. अलीकडे गटांच्या बैठकांतून आमच्याकडे एकच विचारणा पुन्हा पुन्हा येते. शहरात जुनी मोटार स्वस्तात मिळते आहे, घ्यावी का? दवाखान्यात न्यायला, बाजाराला, वेळप्रसंगी भाड्याने द्यायला कामी येईल. त्यातल्या एका बैठकीत ज्या गाडीचं नाव निघालं ती इटालियन कंपनीची, लिनिया. दिसायला साहेबाची गाडी, किंमत मात्र साध्या गाडीएवढीच. ‘एवढी मोठी गाडी एवढ्या कमी पैशांत कशी?’ हा प्रश्न तिथल्या एका आजीने विचारला. प्रश्न अगदी नेमका होता. त्याचं उत्तर शोधताना आम्हाला सव्वाशे वर्षं मागे जावं लागलं.

इटलीत तोरिनो नावाचं शहर आहे, इंग्रजीत त्याला ट्युरिन म्हणतात. तिथे १८९९ साली मोटारींचा कारखाना निघाला. ‘तोरिनोचा इटालियन मोटार कारखाना’ अशा अर्थाचं लांबलचक नाव, त्याची आद्याक्षरं जोडून झालं फियाट. ही गाडी आपल्या राज्यात आली ती एका सोलापूरकराच्या हातून. वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, जहाजांची कंपनी, साखर कारखाना, बंगळूरचा विमान कारखाना, एवढ्या सगळ्यांत या माणसाचा हात होता. मोटार इथेच बनावी हे त्यांनी १९४०च्या आधीपासून मनात घेतलं होतं. विश्वेश्वरय्यांसारखे मोठे इंजिनियरही त्याच खटपटीत होते. इंग्रज सरकारला ते नको होतं, कारण त्यांच्या देशातल्या गाड्या इथे विकल्या जात होत्या. तरी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता, म्हणून डॉज आणि प्लिमथ या भल्या मोठ्या गाड्या तिथे जोडल्या जायच्या. त्या पेट्रोल फार प्यायच्या. मग लहान गाडी हवी म्हणून इटलीच्या फियाटशी हात मिळवला गेला. वालचंद १९५३ साली गेले. त्याच वर्षी इटलीत फियाटची ‘अकराशे’ नावाची नवी गाडी निघाली आणि १९५४ पासून ती कुर्ल्यात बनू लागली. अकराशे हा इंजिनाचा आकार, नेमका सांगायचा तर १०८९ सीसी. आज आठ-दहा साध्या मोटारसायकलींच्या इंजिनांची बेरीज केली तर एवढं होतं, आणि त्यावर घरची पाच-सहा माणसं जायची.

पाठीकडून गोल, तोंडाकडून फुगीर, म्हणून मराठी माणसाने तिला नाव दिलं ‘डुक्कर फियाट’. आपल्या जंगलातल्या रानडुकराशी तिचं काही साम्य नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आजही जुन्या मोटारींचे शौकीन याच नावाने तिला ओळखतात. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. लुगडं नेसून चढणाऱ्या-उतरणाऱ्या बाईला ते सोयीचं, पण चालत्या गाडीत कडी निसटली तर वाऱ्याने दार सताड उघडायचं. पुढे कंपनीने दरवाजे सरळ केले.

त्या काळी सरकारचं धोरण असं होतं, की ज्याला सुटे भागही इथेच बनवायचे आहेत त्यानेच गाडी विकावी. फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांनी तेव्हा गाशा गुंडाळला. उरले मुख्यतः तिघे. कलकत्त्याकडची हिंदुस्थान मोटर्स, म्हणजे अँबेसेडर; मुंबईची प्रीमियर, म्हणजे फियाट; आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर ठरलेलं. मागणी जास्त, गाड्या कमी. पैसे भरून नाव नोंदवलं तरी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. याचा परिणाम मोठा गमतीचा झाला. नव्या गाडीची किंमत सरकारी नियंत्रणात, आणि जुनी गाडी ताबडतोब हातात मिळते, म्हणून थोडी वापरलेली फियाट कित्येकदा नवीपेक्षा महाग विकली जायची. आजीच्या प्रश्नाच्या बरोबर उलट परिस्थिती! गाडीची किंमत तिच्या दिमाखावर कमी आणि ‘दुसरी मिळते का, हिचे सामान मिळते का’ यावर जास्त ठरते, हे तेव्हापासूनचं आहे.

आता कर्जाची गोष्ट. १९६४ साली लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले. घरी स्वतःची मोटार नव्हती. घरच्यांनी आग्रह धरला तेव्हा चौकशी केली. फियाट पडत होती १२ हजार रुपयांना आणि बँकेत शिल्लक होती ७ हजार. उरलेल्या ५ हजारांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेत रीतसर कर्जाचा अर्ज केला. गाडी आली. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजी वारले, कर्ज फिटायचं बाकी होतं. ते ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. ही गोष्ट शास्त्रीजींच्या साधेपणाची म्हणून सगळीकडे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण आम्हाला वाटतं, गटात बसणाऱ्या बायांनी ती ललिताबाईंच्या बाजूनेही ऐकावी. गाडी नवऱ्याच्या नावावर, हप्ता बाईच्या पदरात. आपल्या गावांत ट्रॅक्टरचं, मोटारसायकलचं असंच होताना आपण पाहतो. ती फियाट आजही दिल्लीत शास्त्रीजींच्या स्मारकात ठेवलेली आहे.

आपल्याकडे फियाट आली ती बहुतेक दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातानेच. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. २६ ऑगस्ट १९८२ ला तो चंद्रपुरातून निघाला. सिरोंच्यापासून चंद्रपूरपर्यंत सगळा एकच चांदा. साहेबलोकांकडे जीप असायची, कारण जंगलातल्या वाटेवर तीच चाले. फियाट ही डॉक्टरांची, वकिलांची, ठेकेदारांची, बल्लारपूरच्या कागद कारखान्यातल्या आणि कोळसा खाणींतल्या अधिकाऱ्यांची गाडी. त्यांची बदली झाली किंवा त्यांनी नवी घेतली, की जुनी गाडी पुढच्या माणसाकडे जायची. असं करत करत ती एखाद्या शिक्षकाच्या, धान्याच्या व्यापाऱ्याच्या, शेतकऱ्याच्या अंगणात यायची. लग्नात नवरीला आणायला सगळ्या गावाने तीच मागायची.

तिच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं. आमच्या गटातल्या जुन्या बायांनी जे सांगितलं त्यात पहिला नंबर उन्हाळ्याचा. चंद्रपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, पारा ४६-४७ वर जातो. अशा उन्हात इंजिनाजवळचा पेट्रोल ओढणारा पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढतो, पेट्रोल येत नाही, गाडी भररस्त्यात बंद. मिस्त्री याला व्हेपर लॉक म्हणायचे. उपाय घरगुती होता: लुगड्याचा तुकडा पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळायचा आणि सावलीत थांबायचं. म्हणून फियाटमध्ये बसताना पाण्याचं कॅन आणि फडकं घेतल्याशिवाय कोणी निघत नसे. थंडीत उलटं. पहाटे चोक ओढायचा, नाहीतर धक्का मारायचा. धक्का मारायला घरातल्या बायाच आणि पोरं, कारण स्टिअरिंगवर पुरुष! गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला असायचा, त्यामुळे पुढची गादी सलग आणि तिथे तिघं मावायची.

पावसाळ्यात तर ती अंगणातच बरी. पोट खाली असल्याने नाल्यावरून पाणी वाहत असलं की तिचं काम नसे. पामुलगौतमी, पर्लकोटा चढल्या की भामरागड आजही तुटतं. तेव्हा तर किती गावं तुटायची. अडलेल्या बाईला खाटेवर उचलून नाला पार करायचा आणि पलीकडे गाडी उभी ठेवायची, अशी सोय लोक करत. गाडी असून अर्धी वाट खांद्यावर. म्हणून गाडी घेताना आधी तुमच्या गावचा रस्ता बघा, मग गाडीचा रंग बघा, असं आम्ही सांगतो.

तरीही ती टिकली. एकच कारण : बिघडली तर दुरुस्त व्हायची. तेच इंजिन वर्षानुवर्षं बनत राहिल्याने प्लग, पॉईंट, क्लच प्लेट, मागचे पाटे कुठेही मिळत. झाडाखाली बसणारा मिस्त्रीही इंजिन उघडून पुन्हा बसवू शके. इटलीने स्वतः ही गाडी १९६९ साली बंद केली. आपल्याकडे ती आणखी तीस वर्षं चालू राहिली. माहेर बंद झालं, सासर सुरूच. फियाटशी करार संपल्यावर १९७०च्या दशकात नाव बदललं, आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव. राणीच्या नावाची गाडी, पण चालवताना बाई दिसणं आपल्या भागात दुर्मिळच.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि चित्र पालटलं. हलकी, कमी पेट्रोल पिणारी, उन्हात न रुसणारी. पद्मिनी मागे पडत गेली आणि २००० सालाच्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून मात्र ती रेटत राहिली. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली.

आणि लिनिया? इटलीची फियाट पुढे स्वतः परत आली. पुण्याजवळ रांजणगावला टाटांच्या भागीदारीत कारखाना घातला. २००९ साली लिनिया आणि पुंटो बाजारात आल्या. लिनिया लांब, मजबूत, आत ऐसपैस. पण खप बेताचा राहिला, आणि प्रदूषणाचे नवे नियम लागू होण्याच्या सुमारास, २०२० च्या आसपास, फियाट नावाच्या गाड्या विकणं इथे थांबलं. आजीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कंपनीची दुकानं उठली, म्हणून गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून किंमत पडते. तिचं डिझेल इंजिन मात्र मारुती स्विफ्टमध्येही होतं, तेव्हा इंजिनाचं बरंच काम जाणणारा मिस्त्री चंद्रपुरात किंवा नागपुरात सापडतो. अडचण येते बाकीच्या सामानाची : दिव्याची काच, बंपर, दाराची कडी, आतली वायरिंग. धडक बसली तर गाडी महिनाभर उभी राहू शकते. आमचं मत विचाराल तर, ज्या गटाला रोज भाड्याने चालवायची आहे त्याने ही घेऊ नये. एका घराला, महिन्यातून चार खेपांसाठी, जवळ ओळखीचा मिस्त्री असेल तर घ्यायला हरकत नाही. आणि भाड्याने चालवायची तर परवाना वेगळा लागतो, पांढऱ्या पाटीवर भाडं मारता येत नाही.

कागदांचं तेवढं नीट ऐका. आरसी बुकावरचा चासीचा नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचं फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या जिल्ह्याची पाटी असेल, म्हणजे आपल्या एमएच ३३ किंवा ३४ सोडून, तर नाव बदलताना तिथल्या कार्यालयाकडून काय लागतं ते आधी विचारून घ्या. विमाही नव्या नावावर करायचा असतो. पंधरा वर्षांनी नोंदणी पुन्हा करावी लागते. मोटारीसाठी ती फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, हे किमतीत धरा.

मालक वारला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. २०२१ पासून आरसीवर वारसदाराचं नाव आधीच लावून ठेवता येतं. ज्या मैत्रिणींच्या घरी गाडी आहे त्यांनी आज रात्री आरसी काढून बघावी, त्या रकान्यात कोणाचं नाव आहे. कर्ज गटातून घेतलं असेल आणि हप्ता तुम्ही भरत असाल, तर मालकाच्या रकान्यातही बघा.